वडिलांविषयी तक्रार का नाही?

प्रश्न : माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत. तालुक्यातील कितीतरी मुले त्यांच्यामुळे शिकली. ज्यांना फी परवडत नसे त्यांची फी ते कोणाला न सांगता भरत. गेल्या महिन्यात त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार झाला. तिथे मी मुलगी या नात्याने बोलले आणि बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी चहा करताना मात्र लक्षात आले, की ते साखर किती घेतात हे मला ठाऊक नाही. उलट माझ्या धाकट्या काकांना एकही नोकरी धड टिकवता आली नाही आणि घरात त्यांना कोणी मानही दिला नाही. पण ते गेले तेव्हा आठवडाभर मला अन्न गोड लागले नाही. एवढा आदर असूनही वडिलांविषयी माया का वाटू नये? मी कृतघ्न आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कृतघ्न माणसाला साखरेचा प्रश्न पडत नाही, तेव्हा ती शंका प्रथम मनातून काढून टाका.

वडिलांविषयीच्या आदराची कारणे तुम्ही भराभर दिलीत. काकांवरील मायेचे एकही दिले नाहीत आणि मी विचारले असते तरी बहुधा देता आले नसते. आदर आपण ‘ठेवतो’. जीव मात्र ‘लागतो’, आणि तो लागताना आपल्याला कोणी विचारीत नाही. आदराला थोडे अंतर सोसते, किंबहुना मानवतेच. वडिलांना तुम्ही व्यासपीठावरून जितके स्वच्छ पाहू शकलात तितके स्वयंपाकघरातून पाहता आले नाही, यात मला नवल वाटत नाही. (विठोबाला अरे-तुरे करून त्याच्याशी भांडणाऱ्या जनाबाईला हे अंतर ठाऊक नव्हते, पण तो अधिकार निराळा.)

मला खटकले ते वेगळेच. तुमच्या पत्रात वडिलांविषयी एकही तक्रार नाही. येथे मला कर्व्यांचे घर आठवते. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये एका विधवेशी, म्हणजे आनंदीबाईंशी, विवाह केला आणि पुढे 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाल्यावर हिंगण्याच्या त्या संस्थेची वाट ते पायी तुडवीत. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, तोवर महाराष्ट्राने त्यांना ‘महर्षी’ करून टाकलेच होते. घरात ‘बाया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आनंदीबाई या कार्यासाठी स्वतः वर्गणी मागत हिंडल्या. पण ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी संसाराची ओढाताणही आडपडदा न ठेवता सांगितली. नवऱ्याच्या थोरवीची किंमत घरात कोणी, कशी मोजली, हे त्या लिहितात आणि तरीही त्या नवऱ्यापासून दुरावलेल्या वाटत नाहीत. मला तर वाटते, तक्रार करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही म्हणूनच त्या दुरावल्या नाहीत.

दुसऱ्यांच्या मुलांची फी ज्या पगारातून गेली, त्याच पगारात तुमची दिवाळी व्हायची होती. कधी कपडे राहिले असतील, कधी तुम्ही बोलत असताना दारात कोणी पालक येऊन उभा राहिला असेल. अशा वेळी रुसणे क्षुद्रपणाचे वाटले, म्हणून तुम्ही ते गिळलेत, असा माझा अंदाज आहे. काकांवर तुम्ही खुशाल रुसत असाल, कारण त्यांच्याकडे जपण्यासारखा मोठेपणा नव्हता. वडिलांपुढे मात्र लेकीची जागा सोडून तुम्ही हळूहळू त्यांच्या शाळेतील एक गुणी विद्यार्थिनी झालात, आणि बहुधा त्यांनाही ते सोयीचे गेले. दोष एकट्या तुमचा नाही.

आदर कमी करण्याचे काहीच कारण नाही. पुढच्या खेपेला माहेरी जाल तेव्हा सत्काराचे फोटो नेऊ नका. त्या राहिलेल्या कपड्यांची गोष्ट काढा, थोडे भांडणाच्या सुरातच काढा. चहा तुम्हीच करा आणि साखर किती घालू, असे विचारा. ते ‘कितीही चालेल’ म्हणतील. मुख्याध्यापक तसेच म्हणतात. तेव्हा पुन्हा विचारा.