‘तारक मेहता’चा दर्जा घसरलाय असं सगळेच म्हणतात, मग टीआरपी अजून वर कसा? आकडेच खोटे असतात का?

आकडे खोटे नाहीत आणि तक्रारही खोटी नाही. तक्रार करणारे वेगळे आणि मोजले जाणारे वेगळे, एवढीच यातली गोम आहे.

आमच्या घरातच दोन्ही पार्ट्या आहेत. आम्ही नाशिकरोडला राहतो, नाना नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. रात्री साडेआठला सब टीव्ही लागतो आणि जेवणं उरकेपर्यंत कुणी रिमोटला हात लावायचा नाही. आज काय झालं विचारलं तर नाना म्हणतात, "काही नाही रे, भिडे परत चिडला." भाच्याचं दुसरं टोक. दयाबेन गेली तिथंच मालिका संपली, असं तो छातीठोकपणे सांगतो. भव्य गांधी, राज अनादकट, नितीश भलुनी हे तिन्ही टप्पू त्याला ओळीने पाठ. पण बघतो काय, तर मोबाइलवर दयाबेनच्या गरब्याचे जुने तुकडे.

आता टीआरपी मोजतात कसा ते बघा. बार्क या संस्थेने देशभरात 50,000हून जास्त घरांत मीटर बसवलेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतो. घरातल्या माणसाने टीव्हीसमोर बसलं की आपल्या नावाचं बटण दाबायचं. झालं! आवडलं का, हसू आलं का, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे मीटर नाही, पण असता तर नानांचं बटण रोज अर्धा तास चालू दिसलं असतं आणि भाच्याचं कधीच नाही. इंटरनेटवर तावातावाने भांडणारी बहुतेक मंडळी भाच्याच्या जातकुळीतली. टीआरपी सवय मोजतो, आणि सवय मोडायला दर्जा घसरल्यावरही कितीतरी वर्षं जातात.

दर्जा घसरलाय हे मात्र मलाही मान्य आहे. मालिका 28 जुलै 2008 ला सुरू झाली तेव्हा तिच्या पाठीशी ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातलं तारक मेहतांचं गुजराती सदर होतं, म्हणजे वर्षानुवर्षं घोटलेली पात्रं आयती मिळाली. पुढे 4,000हून जास्त भाग झाले. एवढं पाणी घातल्यावर कुठली आमटी दाट राहणार? पूर्वी दोन-चार भागांत आटोपणारी भानगड आता आठवडे चालते. दयाबेन साकारणाऱ्या दिशा वाकानी 2017 मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या त्या परतल्या नाहीत, 2022 मध्ये तारक मेहता झालेले शैलेश लोढाही बाहेर पडले. नट बदलतात, त्याचं मला काही नाही. राग येतो तो ‘दया येणार, दया येणार’ म्हणून प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा झुलवण्याचा. सरळ दुसरी नटी आणायची किंवा दया आता अहमदाबादलाच राहते असं सांगून मोकळं व्हायचं. तेही नाही! पोपटलालच्या लग्नाचं गाजर वेगळंच.

तरी 2025 च्या मध्यावर भुताटकीचं कथानक आलं आणि मालिकेने थेट पहिला नंबर गाठला, ‘अनुपमा’ला मागे टाकून. यावरून ती सुधारली असं म्हणू नका. क्रमांक आणि आकडा यात गल्लत होते. हल्ली पहिल्या नंबरची हिंदी मालिका दोन-अडीच पॉइंटच्या आसपास असते. 2000 नंतरच्या काळात ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ दोन आकडी रेटिंग घ्यायची. तेव्हाची मोजणी वेगळी होती, त्यामुळे थेट तुलना नको, पण सगळ्यांचीच पातळी खाली आलीय एवढं त्यातून कळतं. ओहोटीच्या त्या पाण्यात स्वस्थ बसून राहणाराही पुढे दिसतो.

उलटा प्रकार, म्हणजे आकडा पडला पण दोष दर्जाचा नाही, असा हवा असेल तर ‘आई कुठे काय करते’ ही मराठी मालिका घ्या. आमच्या हिचा जॉगिंग ट्रॅकवरचा ग्रुप अजून तिच्यावरून भांडतो. एकीचं म्हणणं, नायिका अरुंधतीला किती रडवणार, तिच्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला मारलं तिथंच टीआरपी पडला. पण मार्च 2024 मध्ये मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला नेली, हे ती विसरते. दुपारी अडीचला अंबड-सातपूरचा अर्धा कामगार मशीनवर उभा असतो, शाळेच्या बाई शाळेत असतात. उद्या उत्तमातली उत्तम मालिका त्या वेळेला लावा, साडेसातचा आकडा मिळायचा नाही. त्याच नोव्हेंबरात ती संपली. तिचं लेखन शेवटी ताणलं गेलं होतं हे खरंच, पण दुपारचे आकडे त्याचा पुरावा नव्हेत.

आकड्यांबद्दल तुमच्या मनात संशय येतो तो 2020 च्या टीआरपी प्रकरणामुळे असावा, काही वाहिन्यांनी मीटरवाल्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचा आरोप झाला होता ते. तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं होतं, ते 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. मनोरंजन वाहिन्यांचे आकडे त्या काळातही येतच होते.

मालिका बंद कधी होईल म्हणाल, तर नानांसारख्यांना जेवताना लावायला दुसरं काही सापडेल तेव्हा. भाच्याने कितीही शिव्या घातल्या तरी निर्मात्यांना त्याचा हिशेब करायचं कारण नाही, तो तर त्यांच्या मीटरमध्येच नाही.