चार कार्डं, एक बिल आणि मित्राची नोटीस

प्रश्न : मी क्रिकेटची कार्डं जमवतो. वीस महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याच्या वेबसाइटवरून 'सिल्व्हर एडिशन' नावाची चार कार्डं घेतली, प्रत्येकी २४ हजार रुपये. जाहिरातीत '९९९ शुद्ध चांदी, वजन ५० ग्रॅम, फक्त ५०० नग, अधिकृत' असं लिहिलं होतं. प्रत्येक कार्ड सीलबंद केसमध्ये होतं आणि सोबत प्रमाणपत्र होतं. सात महिन्यांपूर्वी त्यातलं एक याच छंदातल्या मित्राला ३१ हजारांना दिलं. गेल्या महिन्यात दुसरं एक केसमधून काढलं, तर कडेला तांबूस रंग दिसला; सराफाच्या मशीनवर मात्र चांदीच दाखवली. त्यातच ओळखीच्या एका संग्राहकाकडे अगदी त्याच क्रमांकाचं, म्हणजे ११२/५०० असं कार्ड निघालं. विक्रेता म्हणतो, केस उघडली की आमची जबाबदारी संपली, आणि विकलेला माल आम्ही परत घेत नाही. मित्राला मी स्वतःहून सगळं कळवलं, तर त्याची वकिलामार्फत नोटीस आली : ३१ हजार परत आणि मनस्तापाचे ५० हजार, पंधरा दिवसांत, नाहीतर पोलिसांत तक्रार. मी स्वतःच फसलोय, तर मी का भरायचे? आणि विक्रेत्याकडून माझे पैसे मिळतील का? बिल, स्क्रीनशॉट आणि फोटो जोडले आहेत. – अ. स.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदांत सर्वांत मोलाचा कागद कोणता, तर जो जोडलाय एवढं सांगण्यापलीकडे ज्याबद्दल पत्रात तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, तो. बिल. त्यातला 'एचएसएन' हा रकाना बघा. तिथे ८३०६ असा आकडा छापलाय. जीएसटीसाठी प्रत्येक वस्तूला असा संकेतांक असतो. चांदी-सोनं आणि त्यांच्या वस्तू ७१ व्या प्रकरणात येतात. चांदीच्या घडीव वस्तूंना साधारणपणे ७११४ लागतो आणि कर ३ टक्के. ८३०६ मध्ये येतात घंटा, शोभेच्या मूर्ती, फोटोफ्रेम, आणि त्याही साध्या धातूच्या. थोडक्यात, तुम्हाला '९९९ चांदी' सांगणाऱ्या विक्रेत्याने त्याच मालाचं बिल करताना सरकारला 'साधा धातू' सांगितलंय. तो उद्या म्हणेल की कारकुनाची चूक झाली. म्हणू दे. चारही कार्डांच्या बिलात एकच चूक कशी झाली, हे त्याला ग्राहक आयोगापुढे समजावून सांगावं लागेल.

दुसरी गोष्ट शब्दांची. विक्रेता बहुधा असा बचाव घेईल की 'सिल्व्हर' हे मालिकेचं नाव आहे, धातूचं नाही. हा बचाव ऐकायला वाटतो तितका पोकळ नाही. कार्डांच्या दुनियेत धातूंची नावं सर्रास नुसती शोभेला असतात. अमेरिकेतल्या फ्लीअर कंपनीची १९९७ सालची 'प्रेशियस मेटल जेम्स' ही बास्केटबॉलची कार्डं आज संग्राहकांत फार मानाची आहेत. प्रत्येक खेळाडूची शंभरच, त्यातली पहिली दहा हिरवी, उरलेली नव्वद लाल. नावात मौल्यवान धातू असला तरी हातात येतो तो चमकीचा कागदी पुठ्ठा. त्यात फसवणूक नाही, कारण ती धातूची आहेत असं कोणी म्हटलेलंच नाही. उलट टॉप्स कंपनीने १९८४ पासून काही वर्षं खरोखरच चांदीत आणि ब्राँझमध्ये छोटी कार्डं काढली होती. म्हणून तक्रारीत 'सिल्व्हर एडिशन' या नावावर भर देऊ नका. भर द्या तो त्याच पानावर खाली तपशिलात लिहिलेल्या '९९९ शुद्ध चांदी, वजन ५० ग्रॅम' या ओळीवर. ते नाव नाही, वर्णन आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून माल विकला, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. ही विक्रीची अटच असते, ती वेगळी लिहून घ्यावी लागत नाही.

आता माल जुळत नाही हे सिद्ध कसं करायचं? तुम्ही लिहिलंय की सराफाने मशीनवर धरलं तेव्हा चांदीच दाखवली, म्हणून तुमचा धीर सुटला. सोडू नका. ते एक्स-रे मशीन वरच्या पातळ थरापुरतंच बघतं. मुलामा जरा जाड असला की आतलं तांबं त्याला दिसत नाही. घनता मात्र फसत नाही. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण साडेआठ. घरी बिंदूनंतरचे दोन आकडे दाखवणारा काटा असेल, तर त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. उघडलेलं कार्ड दोऱ्याने पाण्यात असं सोडा की ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर कार्डाचं आकारमान. ५० ग्रॅम शुद्ध चांदी असेल तर आकडा ४.७७ च्या आसपास यायला हवा. तांबं असेल तर ५.५८, पितळ असेल तर त्याहून थोडा जास्त. कार्डाला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर आकडा उगाच वाढतो. हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, हे मीच सांगतो; पण दावा लावायचा की नाही हे तुम्हाला एका संध्याकाळी कळेल.

खरी तपासणी म्हणजे तुकडा कापून, वितळवून. ती स्वतः करायला जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मध्ये सोय आहे : दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर आयोग नमुना घेतो, सील करतो, प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवतो. प्रयोगशाळेची फी आधी तुम्हाला भरावी लागते. इथे तुमची दोन न उघडलेली कार्डं कामाला येतील. उघडलेल्या कार्डाबद्दल विक्रेता 'बदललं असेल' असं म्हणू शकतो, त्याच्याच सीलमधल्या कार्डाबद्दल म्हणू शकत नाही. तेव्हा त्या दोन केसना नखसुद्धा लावू नका. आणि कार्डावरचा '९९९' हा नुसता ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे. हॉलमार्कला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह लागतं. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक असल्याने ते नाही म्हणून विक्रेता दोषी ठरत नाही, पण ते नाही म्हणून शुद्धता सिद्ध करण्याचं दुसरं साधन त्याच्याकडे काय आहे, हा प्रश्न विचारता येतो. त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र म्हणजे स्वतःच स्वतःची पाठ थोपटणं.

११२ क्रमांकाचा मुद्दा तुम्हाला सर्वांत जोरदार वाटतोय. तो जोरदार आहे, पण एका अटीवर. त्या संग्राहकाने त्याचं कार्ड कुठून घेतलं? याच विक्रेत्याकडून घेतलं असेल आणि बिल असेल, तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही कार्डांचा एका चौकटीतला फोटो जोडा. मग प्रयोगशाळेचीही गरज उरत नाही. एका क्रमांकाची दोन कार्डं असतील तर '५०० नग' हे वर्णन तिथेच कोसळतं. त्याने तिसऱ्याच कोणाकडून घेतलं असेल, तर विक्रेता एका वाक्यात मोकळा होईल : 'ते नकली आहे.' 'अधिकृत' या शब्दाचंही असंच. परवान्याचं पत्र मागा. खेळाडूचे हक्क वगैरे वादात तुम्ही पडू नका. डिजिटल खेळाडू-कार्डांच्या २०२३ च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयात त्यावर बराच काथ्याकूट झालेला आहे. ते भांडण परवाना घेणाऱ्या-देणाऱ्यांचं. तुमचा मुद्दा एवढाच की नसलेली मान्यता आहे म्हणून सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

'विकलेला माल परत घेत नाही' ही पाटी दुकानात असो की वेबसाइटवर, सदोष मालाला ती लागू होत नाही. २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा म्हटलेली आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्याचं बंधन स्पष्ट आहे. केस उघडल्याने कार्डाची संग्राहकांतली किंमत उतरते हे खरं; पण कार्ड तांब्याचं आहे हे केस उघडल्याने घडलेलं नाही.

तुमची दुखरी नस वेगळीच आहे : ते मित्राला विकलेलं कार्ड. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी माल घेणारा कायद्याने 'ग्राहक' नसतो, आणि तुम्ही एका कार्डावर सात हजार कमावलेत. विक्रेत्याचा वकील जागा असेल तर पहिला वार इथेच करेल. त्यावर उत्तर आहे. २०१९ च्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीमागचा मुख्य हेतू पाहायला सांगितलं, आणि २०२४ च्या श्रीराम चिट्सच्या निकालात व्यापारी हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी तो मुद्दा काढणाऱ्यावर टाकली. चारातलं एक कार्ड वर्षभराने एका छंदी मित्राला देणं म्हणजे धंदा नव्हे. पण ही विक्री तक्रारीत स्वतः लिहा. लपवलीत आणि त्यांनी बाहेर काढली, तर बाकी सगळं खरं असूनही तुमच्याकडे संशयाने पाहिलं जाईल. तुमच्या पत्रात दोनदा 'गुंतवणूक' हा शब्द आलाय, तो मी वरच्या सारांशात घेतलेला नाही. तुम्ही खरोखर छंदासाठी घेतली असतील, तर छंदच म्हणा.

आता मित्र. इथे जरा कडू बोलतो. विक्रेत्याने 'मलाही वरून तसंच सांगितलं होतं' म्हटलं तर तुम्ही ऐकून घ्याल का? नाही ना? मग मित्रानेही ऐकून का घ्यावं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय कलम १५ ला ठाऊक नाही. ते कलम दुकानदाराला लागू आहे तसंच एकदाच विकणाऱ्या तुमच्यासारख्यालाही लागू आहे, आणि तिथे तुमचा हेतू विचारला जात नाही. तुम्ही त्याला व्हॉट्सअॅपवर '५० ग्रॅम, ९९९, पाचशेच आहेत' असं लिहिलंय. स्क्रीनशॉट तुम्हीच पाठवलाय.

म्हणून माझा सल्ला : ३१ हजार परत करा, बँकेतून, आणि कार्ड, केस, प्रमाणपत्र सगळं परत घ्या. सोबत दोन ओळींचा कागद करा की व्यवहार रद्द झाला आणि उभयतांचं एकमेकांकडे काही येणं नाही. मनस्तापाचे ५० हजार नाकारा. करारभंगासाठी दिवाणी न्यायालयं सहसा तसे देत नाहीत, आणि मित्रही बहुधा तो आकडा घासाघीस करायला म्हणूनच लिहून बसलाय. यात तुमचे सात हजार जातील. पण हातात पुन्हा चारही कार्डं येतील, पूर्ण ९६ हजारांची तक्रार करता येईल आणि 'यांनी तर माल विकून नफा घेतला' हा मुद्दाही बराच बोथट होईल.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू लागतो. तुम्हाला विकताना माहीत नव्हतं, आणि कळल्यावर तुम्हीच त्याला सांगितलंत. तो मेसेज पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. मात्र तांबूस कड दिसली त्या दिवसापासून 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य तुमच्याकडे राहिलेलं नाही. उरलेल्यांतलं एकही कार्ड कुणालाही, कुठल्याही ग्रुपवर, दाखवूसुद्धा नका.

आयोगाकडे मागताना ९६ हजार, व्याज, तपासणीचा खर्च, त्रासाची माफक भरपाई आणि दाव्याचा खर्च मागा. 'पाच वर्षांनी प्रत्येकी लाखाला गेली असती' हे लिहू नका. ते सिद्ध होत नाही आणि बाकीची मागणीही हावरट दिसू लागते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात चालते, विक्रेता कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा, आणि वेबसाइटचं ते पान अजून दिसत असेल तर आजच, पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असं, पुन्हा साठवून ठेवा.

मुदत दोन वर्षांची. तुमचे वीस महिने गेलेत. दोष कळला तेव्हापासून मोजा असा युक्तिवाद करता येतो, पण हातात चार महिने असताना त्या युक्तिवादावर विसंबायचं कारण नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, विक्रेत्याला नोटीसही पाठवा, पण नोटीस पाठवल्याने किंवा तो 'बघतो' म्हणाल्याने घड्याळ थांबत नाही. मित्राच्या नोटिशीचे पंधरा दिवस त्याआधी संपतात; त्याला फोन करायचा असेल तर तो आज करा, आणि बोलणं झालं की तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा.