शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेला पाहुणा मुक्कामाला येणार असेल तर स्वयंपाकात काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मित्राचं कुटुंब दोन दिवस येणार, त्यांच्या 9 वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी, आणि सासूबाई म्हणतात "एवढ्याशानं काही होत नाही." त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय.

आमचं घर खानापूर तालुक्यात. आमच्याकडं शेंगदाण्याला शेंगाच म्हणतात. भाकरीवर शेंगाचटणी, वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, फोडणीला घाण्याचं शेंगतेल. 7 वर्षांपूर्वी नणंदेचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला यायचे होते. त्यांना शेंगा अजिबात चालत नाहीत, असं नणंदेनं आठ दिवस आधी फोन करून बजावलं होतं. मी सूर्यफूल तेलाचं नवं पाकीट फोडलं, वाटणाला सुकं खोबरं भाजलं, कुटाचा डबा माळ्यावर टाकला. भाजी जाऊबाईंकडं होती. त्यांना रस्सा पातळ वाटला. डबा सापडेना म्हणून पोत्यातल्या मूठभर शेंगा भाजून खलबत्त्यात कुटल्या नि घातल्या. मला पत्ता नाही. वर आग्रह, "जावईबापू, आणखी एक वांगं घ्या की."

दुसऱ्या घासाला त्यांनी ताट सरकवलं. ओठ चोळत होते. मग कानाच्या पाळ्या लाल, मानेवर गांधी, आणि आवाज घोगरा यायला लागला. जाऊबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा, घोंगडं पांघरा." मामंजी सेट्रिझिनची गोळी शोधायला लागले. नणंदेच्या लेकीनं कुणाचं ऐकलं नाही. पर्समधून पेनासारखं इंजेक्शन काढलं नि पॅन्टवरूनच नवऱ्याच्या मांडीत दाबलं. शेजाऱ्यांची गाडी काढून बेळगाव गाठलं, पंचवीसेक किलोमीटर. तोवर श्वास बराच मोकळा झाला होता, तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण उतरलेला त्रास काही तासांनी उलटू शकतो. डॉक्टर म्हणाले, गोळीनं खाज थांबते, सुजणारा घसा थांबत नाही, तिथं त्या इंजेक्शनातलं अॅड्रेनालिनच लागतं.

जाऊबाई आजही म्हणतात पित्तच होतं. "भाजलेल्या शेंगांनी कुठं काय होतंय?" अहो, भाजल्यानं त्यांचा हा गुण जात नाही, उलट वाढू शकतो.

तर तुमच्या प्रश्नाचं. "त्याच्यापुरतं वेगळं करू" हे डोक्यातून काढा. दोन दिवस घरात शेंगाच नकोत. कूट उडतं, मिक्सरच्या भांड्याच्या रबरात बसतं, खलबत्त्याच्या खाचांत बसतं, लाकडी पळीत मुरतं. ही भांडी बाजूला ठेवा, पोळपाटही घासून घ्या. घाण्याचं तेल बंद, कारण त्यात शेंगाचं प्रथिन राहतं. तळणीचं उरलेलं तेलही नको. पाकिटावर छापलेलं वाचता तरी येतं, हलवायाच्या खोक्यावर काही नसतं. कुंदा दुधा-साखरेचा, पण ज्या पळीनं तो काढला तिनं आधी काय काढलं ते कोण सांगणार? चिवडा, फरसाण आणूच नका. दाटपणाला खोबरं किंवा पुटाण्याचं पीठ चालतं.

चालतं म्हणजे आमच्या जावयांना चालतं. काहींना तीळही चालत नाही, काहींना काजू नाही, पुटाणं म्हणजे हरभराच, तोही विचारून घ्या. मी डॉक्टर नाही. मुलाच्या आईला यादी मागा, आणि ती आली की आधी स्वयंपाकघर दाखवा. तिला त्यात अपमान वाटणार नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. इंजेक्शन कुठल्या पिशवीत आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. वेळ आली तर आधी ते, मग 108.

आणि सासूबाईंना पटवत बसू नका. शेंगांचं पोतं दोन दिवस शेजारी ठेवा. मी 7 वर्षं पटवतेय.