गोडा मसाला आणि हिशेबाचा वर्ग

समोर बसल्या बसल्या तिने फोल्डरमधून लॅमिनेट केलेली मार्कशीट काढून टेबलावर ठेवली. पुणे विद्यापीठ, बी.कॉम., २००४. मग म्हणाली, "ताई, बेचाळीस पूर्ण झाली मला. कम्युनिटी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंट शिकावंसं वाटतंय. पण या वयात पोराटोरांत जाऊन बसणं बरं दिसेल का?"

तिला आपण मृणाल म्हणू. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत, दोघीतिघींच्या गोष्टी एकत्र केल्यात. पण प्रश्न जसाच्या तसा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आसपासच्या मराठी घरांतून तो माझ्याकडे सारखा येतो. मृणाल घरी गोडा मसाला करायची. आधी मैत्रिणींपुरता होता, मग मंडळातल्या ओळखींतून मागणी वाढली. नवऱ्याचं म्हणणं, शिकायचंच तर एमबीए कर, हे काय कम्युनिटी कॉलेज! सासूबाई साताऱ्याहून फोनवर विचारायच्या, "आता कसल्या परीक्षा गं?"

आपल्याकडे "कम्युनिटी कॉलेज" म्हटलं की चेहरे पडतात, जणू कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणून तिथे गेली. खरं म्हणजे ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं मुद्दामच सगळ्यांना दार उघडं ठेवण्यासाठी निघाली. शिकागोजवळच्या जॉलिएटमधलं कॉलेज १९०१ सालचं आहे, आजही चालू आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही प्रवेश. संध्याकाळच्या वर्गात दिवसभर दुकान सांभाळून आलेले लोक असतात, सैन्यातून परतलेले असतात, आज्याही असतात. पोराटोरांत बसायची भीती पहिल्याच आठवड्यात जाते, त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

वेळ घालवते तो व्हिसावर. मृणाल एच-फोरवर होती, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. शिकायला एच-फोर पुरतो, कमवायला पुरत नाही. त्यासाठी वेगळा वर्क परमिट लागतो. तो एच-फोरवाल्यांना मे २०१५ पासून मिळू लागला, तोही मुख्यतः जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला असेल तरच. तिच्याकडे परमिट होता म्हणून पुढचं बोलणं झालं. नसता, तर "वर्ग लावा, पण विकू नका" एवढंच मी सांगितलं असतं.

मग फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (विषय मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला १३८, वर किरकोळ आकार. एच-फोरवरच्या माणसालाही वर्षभराहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवता आला तर हा दर मिळू शकतो. नाही दाखवता आला तर फी कैकपट होते. हे ऐकून नवऱ्याचा एमबीएचा सूर जरा खाली आला.

गोंधळ खरा होतो तो नावांचा. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, बिझनेस मॅनेजमेंट, आंत्रप्रेन्युअरशिप, तिन्ही एकाच पानावर छापलेले असतात आणि वाचणाऱ्याला एकच वाटतात. पहिला मार्ग बहुतेक वेळा दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी असतो. दोन अकाउंटिंग, अर्थशास्त्र, व्यवसाय कायदा, गणित किंवा संख्याशास्त्र, आणि बाकीचे विषय मिळून साठेक युनिटं. बाकीचे दोन बरेचदा नोकरीत बढती हवी असलेल्यांसाठी किंवा आपलं काहीतरी थाटणाऱ्यांसाठी, त्यांत छोटी सर्टिफिकेटंही असतात. सर्टिफिकेट घेऊन विद्यापीठाच्या दारात उभं राहिलं तर ते फारसं कामी येत नाही. बी.कॉम. झालेल्या, घरचा उद्योग असलेल्या बाईला साठ युनिटांच्या रांगेत कशाला उभं करायचं? तिला मी सर्टिफिकेटच्या बाजूला नेलं. तिथवर बरोबर होतं.

चूक पुढे झाली, आणि ती माझी. पहिला विषय मी आंत्रप्रेन्युअरशिपचा सुचवला. नाव ऐकून मलाच छान वाटलं होतं. दीड महिन्याने मृणालचा फोन आला. गटात एकोणीस वर्षांचे तिघे, आणि सगळे मिळून कुत्रे फिरवायला नेणाऱ्यांसाठीच्या अ‍ॅपचं सादरीकरण करताहेत. "मजा येते हो ताई, मुलं गोड आहेत. एकाने तर दगडफूल हातात घेऊन विचारलं, ही झाडाची साल आहे का? पण माझा मसाला त्यात कुठेच नाही."

मला तेव्हा लक्षात आलं की तिचा खरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. विचारला तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "इतकी विक्री होते, मग हातात काहीच का राहत नाही?"

पुढच्या सत्रात तिने छोट्या उद्योगांसाठीचा बुककीपिंगचा वर्ग लावला. घरचा अभ्यास होता, आपल्या एका वस्तूचा खर्च मांडा. मृणालने पहिल्यांदाच स्वयंपाकघरातला काटा मसाल्यासाठी काढला. धणे, सुकं खोबरं, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, सगळं मिळून दोन किलो कच्चा जिन्नस. भाजून, दळून, चाळून बरण्यांत भरला तेव्हा भरला एक किलो आठशे. दोनशे ग्रॅमच्या नऊ बरण्या. चार वर्षं ती दहा बरण्या धरून भाव ठरवत होती.

"ताई, दहावी बरणी कधी नव्हतीच!"

आठ डॉलरने नऊ बरण्या म्हणजे बहात्तर. जिन्नस तीस, बरण्या नि लेबलं बारा. उरले तीस, आणि त्यामागे पाच तास. तासाला सहा डॉलर, जिथे कायद्याने किमान वेतन सोळाच्या वर आहे. गॅस आणि गाडीचं पेट्रोल त्यात नाहीच. बी.कॉम.च्या वेळी कॉस्टिंग शिकली होती म्हणे, कारखान्याचं. स्वतःच्या कढईवर ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

त्याच सत्रात लेबलाचीही भानगड निघाली. कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरातून विकण्याचा कायदा २०१३ पासून आहे. काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे, नोंदणी करावी लागते, आणि परवानगी ठराविक यादीतल्या पदार्थांनाच असते. मसाल्यांच्या मिश्रणांना तिथे वाव आहे, लोणच्याला नाही. तिच्या डोक्यात लिंबाचं लोणचं घोळत होतं, ते तिथेच राहिलं. बरणीवर "घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले" हे इंग्रजीत लिहावंच लागतं. शिवाय २०२३ पासून तीळ हा अ‍ॅलर्जीच्या मुख्य पदार्थांत धरला जातो, म्हणजे गोड्या मसाल्याच्या लेबलावर तो स्पष्ट हवाच. इतके दिवस तिच्या लेबलावर फक्त मोराचं चित्र आणि "आजीच्या हातचा" एवढंच होतं. या कामासाठी मी तिला स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटरमध्ये पाठवलं. तिथला सल्ला फुकट असतो, आणि माझ्यापेक्षा त्यांना हे जास्त कळतं.

डिग्रीचं काय, असं नवरा अजून विचारतो. मृणालने सध्या व्यवसाय कायद्याचा एकच विषय घेतलाय, पुढचं पुढे. मार्कशीट त्या वर्गांसाठी कुणी मागितलीच नाही. लॅमिनेट केलेली तशीच कपाटात आहे.

परवा मंडळाच्या गणपतीत तिचं टेबल होतं. दरवर्षी तीन बरण्या नेणाऱ्या एक मावशी नवा भाव पाहून थबकल्या. "आठाची अकरा? अगं, घरचा मसाला ना?"

"घरचाच आहे मावशी," ती म्हणाली, आणि बरणी उलटी करून त्यांना तिळाची ओळ वाचून दाखवली. मावशींनी दोनच घेतल्या.