आजी जमिनीला सॉरी का म्हणते

सई,

परवा झोपताना तू विचारलंस की आजी सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी जमिनीला हात लावून सॉरी का म्हणते, आणि आपण मराठी आहोत तर मला पण ते करावं लागेल का. मी "उद्या सांगतो" म्हणून टाळलं, कारण आई लाइट बंद करा म्हणून ओरडत होती आणि खरं सांगायचं तर मलाच नीट माहीत नव्हतं. मग आजीला फोन लावला, पाऊण तास बोलत होती, त्यातलं थोडंसं लिहितोय. अडेल तिथे आईकडून वाचून घे.

ती म्हणते तो श्लोक आहे, संस्कृत. शेवटचे शब्द "पादस्पर्शं क्षमस्व मे", म्हणजे माझा पाय लागतोय तुला, माफ कर. आपल्याकडे बऱ्याच घरांत म्हणतात. पण गंमत म्हणजे आजी काही लहानपणापासून म्हणत नव्हती! मला वाटायचं तिच्या आईने शिकवलं असेल. तर नाही, १९९३ नंतर सुरू केलं, शेडमधल्या शेजारणीचं ऐकून.

शेड कसलं ते सांगतो. तेव्हा मी नऊ वर्षांचा, तुझ्याएवढाच, आणि आम्ही औश्याला राहायचो, लातूरजवळ. २९ सप्टेंबरला रात्री गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. रिश्टरवर सहाच्या थोडा वर, म्हणजे जपानच्या हिशोबाने अगदी अवाढव्य नाही. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. का गेली हे मला मोठं झाल्यावर कळलं. तिकडची जुनी घरं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं छप्पर. उन्हाळ्यात घरात एकदम गार. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आजोबा दरवर्षी माळवदावर नवीन माती टाकायचे, मी पाटीने माती वर द्यायचो आणि मला ते काम लय आवडायचं. सगळेच टाकायचे. अशी वर्षानुवर्षं माती साचत गेली आणि त्या पहाटे ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आमची एक भिंत फाटली फक्त, माणसं वाचली, पण त्यानंतर कितीतरी महिने कोणी आत झोपायला तयार नव्हतं, म्हणून अंगणात पत्र्याचं शेड. दिवसा भट्टी आणि रात्री पावसाचा एवढा आवाज की बोललेलं ऐकू यायचं नाही.

आता तुला मे महिन्यातली ती दुपार आठवते का, आजी इथे टोकियोला आलेली असताना? फोन एकदम किंचाळले, "जिशिन देस, जिशिन देस", म्हणजे भूकंप आहे, भूकंप आहे, तू शाळेत शिकवल्यासारखी पटकन टेबलाखाली, पाय धरून, आणि आजी दाराकडे पळाली. तू आतून ओरडतेस "आजी टेबल!" आणि ती तुला ओढतेय, "काय करायलीस तिथं बसून, भाईर चल लेकरा!" शिंदो, म्हणजे जमीन किती हलली त्याचं जपानी माप, तीनच होता, थांबला पण लगेच. नंतर तू मला म्हणालीस की आजीला भूकंपाचं काहीच माहीत नाही. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. अगं, माळवदाच्या घरात टेबलाखाली बसून काय होणार, तिथे अंगणात पळणं हेच शहाणपण. आणि इथे सातव्या मजल्यावरून पळायचं कुठे, बिल्डिंग हलते पण पडू नये अशीच बांधलेली, डोक्यात कपाट नाहीतर काच पडायची भीती जास्त, म्हणून टेबल. (कपाट पडू नये म्हणून त्याच्या आणि छताच्या मध्ये लावलेल्या दांड्यांवर आजी टॉवेल वाळत घालायची, ते वेगळंच.)

दुसरा प्रश्न तुझा, लायब्ररीच्या पुस्तकात जमिनीखाली नामाझू मासा आहे, जपानी गोष्टीतला, आणि आजी म्हणते शेषनाग आहे, तर खरा कोण. कोणीच नाही राणी. खाली प्लेट्स आहेत, त्या एकमेकींना ढकलतात आणि कुठेतरी सटकतात. आधी हलकी लाट येते ती फास्ट असते, जोराची मागून येते, त्या मधल्या काही सेकंदात फोन ओरडतो. पण मला दोन्ही गोष्टी आवडतात. शेषनागाने पृथ्वी डोक्यावर धरलीय, बिचारा दमून फणा बदलतो तेव्हा हलतं. नामाझूचं उलटं, तो मुळात वांड, काशिमाच्या देवाने त्याला दगडाखाली दाबून ठेवलाय आणि देवाचं लक्ष नसलं की शेपूट आपटतो. १८५५ साली एडोला, म्हणजे आपल्याच टोकियोला, मोठा भूकंप झाला तेव्हा लोकांनी या माशाची शेकडो चित्रं छापली, काहींत लोक त्याला बडवतायत आणि काहींत सुतार-गवंडी त्याचे आभार मानतायत, कारण घरं पडली की त्यांना काम! मला हे वाचून हसू आलं आणि मग किल्लारी आठवून जरा कसंतरी झालं.

तर तुला करावं लागेल का? नाही. मी पण करत नाही. आजीला विचारलं की जमिनीने एवढं केलं आणि माफी तू का मागतेस, तर म्हणाली, "आरं, तिच्यावरच ऱ्हायचंय की." आणि मग आमटी उतू चालली म्हणून फोन ठेवला.

रविवारी तूच विचार तिला. माळवदाचं विचार, खूश होईल. आणि पलंगाखालच्या तुझ्या इमर्जन्सी पिशवीतला एक बूट मला बाल्कनीत सापडलाय, तो परत आत टाक आजच.

बाबा