पेंढारी : ‘ढ’ची साक्ष

प्रश्न असा आहे : ‘पेंढारी’ हा शब्द पेंढ्यावरून आला, की ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयावरून?

पेयाची व्युत्पत्ती ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने नोंदवली आहे. हे लुटारू स्वार पिंडा विकणाऱ्यांच्या दुकानी सदा पडलेले, म्हणून पिंडारी. खुद्द करीमखान पेंढाऱ्याने त्याला सांगितलं, की याहून वेगळं कारण आपण कधी ऐकलेलंच नाही. पुढाऱ्याचीच साक्ष म्हणून ती पुष्कळांना निर्णायक वाटते. मला वाटत नाही. करीमखानाच्या जन्माआधीपासून हे नाव चालत आलेलं होतं. त्याने सांगितली ती टोळीत रूढ असलेली कथा.

खरी अडचण ‘ढ’ची आहे. मराठीत शब्द ‘पेंढारी’, आणि त्यांच्या टोळीला ‘पेंढार’. ‘पिंडा’पासून निघालेल्या शब्दात हा ढ शिरला कुठून? उलट ढचा ड होणं सोपं, मराठीबाहेर जाताना तर फारच. म्हणून मला ‘पेंढारी’ मूळ आणि ‘पिंडारी’ त्याचा अपभ्रंश वाटतो.

संस्कृतचा इंग्रज अभ्यासक होरेस विल्सनने ‘पेंढा’ आणि ‘हर’ अशी फोड केली : पेंढा नेणारा. फौजेच्या आगेमागे राहून चारा गोळा करणारे स्वार, असा अर्थ. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबरचे पेंढारी बिनपगारी असत, लुटीवर जगत आणि त्यातून पालपट्टी नावाचा कर भरत. चारा उचलता उचलता गावं लुटणं, हा प्रवास पटतो.

तरी दोन शंका उरतात. चारा आणायला जाणाऱ्या टोळीला मराठीत ‘कही’ हा शब्द होताच. शिवाय पेंढा भाताचा. देशावर घोड्यापुढे पडतो तो ज्वारीचा कडबा. यातली दुसरी शंका मी सोडून देतो, कारण कडब्याचीही ‘पेंढी’च बांधतात. ‘हर’ मात्र मला ओढूनताणून आणलेला वाटतो. पुजारी, भिकारी यांतला ‘-आरी’ मराठीत आहेच की!

बऱ्हाणपूरकडच्या ‘पांढार’ नावाच्या ठिकाणाशीही हा शब्द जोडला गेला आहे, पण ‘पां’चा ‘पें’ का व्हावा, याचं उत्तर त्यात मिळत नाही. माझा कौल पेंढीला.

पेंढारकर आडनावाच्या लोकांना मात्र या टोळ्यांशी जोडू नये. ‘-कर’ गावाच्या नावाला लागतो, आणि तळोज्याच्या बाजूला पेंढार नावाचं गाव आहे.