मगवर प्रिंट करताना फोटो एका बाजूला फिका येतो, अक्षरांना सावली पडते. शाई बदलू का?

नका बदलू भाऊ, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की चोपडा गावात मगवर फोटो उमटवायचं प्रेस मशीन घेतलंय, २०० अंशांवर ३ मिनिटं दाबता, तरी फोटो मगच्या कानाजवळ आणि तळाशी फिका पडतो आणि नावाच्या अक्षरांना सावली येते. शाई खराब असती तर पूर्ण फोटो सारखाच बिघडला असता. एकाच मगवर वरचा भाग झकास आणि खालचा फिका, याचा अर्थ उष्णता आणि दाब सगळीकडे सारखा पोचत नाहीये. धुळ्यात माझं हेच काम आहे आणि दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी दाबाच्याच असतात.

आपण फोटो आधी कागदावर छापतो आणि तो कागद मगला गुंडाळून मशीनमध्ये दाबतो. त्यावरची सब्लिमेशनची शाई तापली की वितळत नाही, तिची थेट वाफ होते. मगवर पॉलिएस्टरचं पारदर्शक कोटिंग असतं, वाफ त्यात शिरते आणि गार झाल्यावर तिथेच बसते. भांड्यांच्या दुकानातला साधा मग या कामाला चालत नाही तो याचमुळे. आता कागद आणि मग यांच्यात जराशी फट राहिली, तर वाफ कोटिंगमध्ये न जाता फटीत पसरते.

ती फट शोधायची कशी? स्टीलची पट्टी घ्या आणि मगवर उभी टेकवा, काठापासून बुडापर्यंत. मग उजेडाकडे धरून बघा. बुडाकडे पट्टीखालून उजेड दिसला तर मग सरळ नाही, खाली आत वळलेला आहे. स्वस्त लॉटमध्ये असे मग हमखास निघतात. अशा मगला मशीनचा तापणारा पट्टा वरच टेकतो आणि बूड कोरडं राहतं. मशीनचं काही चुकत नसतं, तो लॉट परत करा.

मग सरळ असेल तर दाब बघा. मशीन गार असताना साध्या कागदाच्या बारीक पट्ट्या मगभोवती चार ठिकाणी ठेवून मशीनचं हँडल बंद करा आणि एकेक ओढा. जी सहज निसटते तिथे दाब नाही. मागचा नॉब थोडा थोडा आवळत जा, हँडल बंद करताना हाताला जोर लागला पाहिजे. कानाच्या अगदी लगत मात्र कितीही आवळलं तरी पट्टा पोचत नाही, तिथे डिझाइनच नेऊ नका. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडा.

सावलीचं कारण वेगळं, तिथे कागद सरकतो. हीट टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी, दोन्ही टोकांना ताणून लावा, सुरकुती राहू देऊ नका. मशीन उघडल्यावरही वाफ निघतच असते, म्हणून हातमोजा घालून कागद एका झटक्यात ओढा. मगवर घासत काढलात की अक्षराला दुसरी कड आलीच. आणि लगेच नळाखाली धरू नका, तडा जातो.

तापमान सगळ्यात शेवटी बदला. २०० मला जास्त वाटतं. मी १८० आणि ३ मिनिटांपासून सुरू करतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. काळे रंग तपकिरी दिसू लागले की उष्णता जास्त झाली समजा. मीटरवरचा आकडा हीटरचा असतो, मगचा नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गोडाऊनमधला मग बर्फासारखा असतो, तो आत ठेवला की आकडा धाडकन खाली येतो. काही मशीनचं टायमर तरीही लगेच सुरू होतं. म्हणून थंडीत मग आधी जरा कोमट करून घ्या. व्होल्टेज कमी असेल तर हीटर सावरायला वेळ घेतो, तेव्हा आकडा वर येईपर्यंत थांबून वेळ मोजा. उलट पावसाळ्यात कागद दमट होतो, दाबल्यावर पाण्याची वाफ निघून डाग पडतात. कागदाचा गठ्ठा बंद पिशवीत ठेवा.

अजून एक, कारण पोळा आला की तुमच्याकडेही बैलजोडीचे फोटो येतील. या कामात पांढरी शाई नसते. बैलाचं पांढरं अंग म्हणजे मगचाच पांढरा रंग. मग पिवळसर असेल तर बैल पिवळट दिसतो, आणि ज्याने जिवापाड सांभाळलाय त्याला ते लगेच कळतं. पोळ्याच्या ऑर्डरला चांगल्या पांढऱ्या कोटिंगचे मग वेगळे काढून ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवला तर तो आकुंचतो. ८ इंच रुंदीला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४०० पिक्सेल लागतात. झुलीवरची नक्षी आणि शिंगांचा रंग त्यातूनच उठून येतो.

आणि मराठी नावं जपा. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड अक्षरं फुटतात, ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज्ञ’ सुटा पडतो, वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. कागदावर छापायला डिझाइन मिरर करतो, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं, तेव्हा डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून मिरर करण्याआधी सरळ नाव गिऱ्हाइकाला पाठवा आणि त्याने ‘बरोबर’ लिहून दिल्यावरच कागदावर प्रिंट काढा.